सवड मिळाली की येऊन जावा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला कळलं ते गेल्या गुरुवारी, आणि तेही मी होऊन सांगितलं म्हणून नव्हे. मी फोनवर स्वतःशीच गप्पा मारताना सापडलो म्हणून.

झालं असं, की सुट्टीचा दिवस होता, सकाळचे साडेदहा. मी कांदा चिरत होतो आणि फोन वाजला. नंबर अनोळखी. हात कांद्याचे, म्हणून कोपरानंच स्पीकर लावला. पलीकडून एक भरदार, मायाळू आवाज आला. "नमस्कार. घरी सगळे बरे आहेत ना?"

मला खरंच बरं वाटलं. हल्ली इतक्या आपुलकीनं कोण विचारतं? मी म्हणालो, बरे आहेत, बरे आहेत, पण आपण कोण, ओळखलं नाही. गृहस्थ माझ्या बोलण्यावरच काहीतरी बोलून गेले, ते नीट कळलं नाही. मग म्हणाले, आठ दिवसांच्या आत या. मी म्हणालो, येतो की, पण कुठं यायचं? तर ते म्हणाले, "बरं वाटत असलं तरी या." हा आग्रह मला आवडला. मी नाव विचारणार, एवढ्यात सुजाता, म्हणजे माझी बायको, ओट्यापासून वळली.

"अहो, हा तुमचाच आवाज आहे."

एरवी मी यावर चार दिवस हसवलं असतं सगळ्यांना. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझं. पुतण्या, भाच्या, शेजारची पोरं — सगळ्यांना मीच सांगत आलोय. माझ्या गोष्टीतला वाघ शाकाहारी असतो, आणि कुणी मरायला लागलंच तर मी मधेच चहा मागतो आणि परत येऊन त्याला उठवून बसवतो. पण त्या दिवशी मी हसलो नाही. सुरी खाली ठेवली. कारण तो फोन कुणासाठी होता, ते मला ठाऊक होतं. तो माझ्यासाठी नव्हता. ज्याच्यासाठी होता, त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

कुठून सुरुवात करू? नोकरीपासून करतो. ते त्यातल्या त्यात सोपं.

कोल्हापुरात वैद्यकीय संशोधन करणारी एक संस्था आहे, तिथं मी आहे. डॉक्टर नाही. डॉक्टरांचं म्हणणं लोकांपर्यंत आणि लोकांचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, हे माझं काम. माहितीपत्रकं, गावातल्या बैठका, परदेशातल्या सहकारी संस्थेला जाणारे अहवाल. आमचा एक अभ्यास होता हृदयाचा. गावोगावी जाऊन माणसांचे ईसीजी काढायचे, आणि ज्याच्या पट्टीत काही वेगळं दिसेल त्याला कळवायचं. पत्रं लोक उघडत नाहीत, म्हणून ठरलं की फोन करायचा. यंत्रानं. आणि त्या यंत्रात आवाज कुणाचा? माझा. सगळे एकमुखानं म्हणाले, तुमच्यासारखा आवाज नाही. मी आठ दिवस नुसता गुळण्या करत हिंडत होतो.

मूळ मजकूर इंग्रजीत, परदेशातून आला. चार वाक्यं. तुमच्या तपासणीत एक बदल दिसला आहे. डॉक्टरांना दाखवायला आठ दिवसांच्या आत या. बरं वाटत असलं तरी या. समजलं असेल तर एक दाबा. बास.

मी ते मराठीत म्हणून बघितलं. कसंतरीच वाटलं. माझ्या आवाजात धमकी दिल्यासारखं. त्याआधी गारगोटीकडच्या एका गावात आमच्या पत्रानं एक बाई घाबरली होती आणि गावानं आमची गाडी परत पाठवली होती. तेव्हा साहेब म्हणाले होते, भाषा मऊ ठेवा. हे कारण मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. पण खरं तेवढंच होतं का? खरं हे, की लोकांनी मला गोड म्हणावं असं मला वाटत होतं. ज्याचा आवाज ऐकून माणसाच्या पोटात गोळा येईल, तो माणूस मला व्हायचं नव्हतं. म्हणून मी सुरुवातीला घरच्यांची चौकशी घातली. मग म्हणालो, तपासणीत जरासा फरक आहे, काळजी करण्यासारखं काही नाही, सवड मिळाली की येऊन जावा.

मजकुरातून 'आठ दिवस' गेले. 'बरं वाटत असलं तरी' गेलं. राहिली सवड.

आता तुम्ही म्हणाल, कुणी तपासत नव्हतं का? तपासत होते. तिथंच तर मी —

परदेशी मंडळींचा एक नियम असतो, आणि चांगला नियम आहे. मराठी मजकूर झाला की ज्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही अशा दुसऱ्या माणसानं तो परत इंग्रजीत करायचा. उलट भाषांतर. मग तिकडे दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघतात, मधे काही सांडलं का. आमच्यासाठी हे काम सुजाता करणार होती. ती हायस्कूलला इंग्रजी शिकवते, तिचं नाव कळवलेलंही होतं. पण दहावीच्या पेपरांचे गठ्ठे घरभर पडलेले, आणि मला दुसऱ्या दिवशी पाठवायचं होतं. शिवाय तिला दाखवलं असतं तर तिनं तिथंच बोट ठेवलं असतं. पंचवीस वर्षं ती पोरांच्या वाक्यांवर बोट ठेवत आलीय.

म्हणून उलट भाषांतर मीच केलं. मराठीवरून नाही — मूळ इंग्रजीवरून. चार शब्द इकडचे तिकडे केले. खरं वाटावं म्हणून व्याकरणाची एक चूकही घातली. खाली तिचं नाव घातलं आणि तिची सही केली. तिकडून उत्तर आलं, फार समाधानकारक, दोन्ही मजकूर तंतोतंत जुळतात. जुळणारच. मी इंग्रजी इंग्रजीशीच जुळवलं होतं. मधल्या मराठीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी श्रीखंड आणलं.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेची एक पुस्तिका काढायची ठरली. अभ्यासात भाग घेतलेल्यांच्या कहाण्या, फोटोसकट. मला पाच-सहा नावं दिली, त्यात एक कुरुंदवाडचं होतं. मारुती अण्णा. दूध संस्थेत फॅट काढायचं, म्हणजे दुधातला स्निग्धांश मोजायचं काम करणारा माणूस. मी खुशीत निघालो. येताना नृसिंहवाडीला उतरून कवठाची बर्फी घ्यायची, एवढाच विचार डोक्यात.

घर सापडलं. दार उघडंच होतं. आत एक बाई शेंगा फोडत बसलेली. मी उंबऱ्यात उभा राहून सवयीनं म्हणालो, "नमस्कार. घरी सगळे बरे आहेत ना?"

बाईंचा हात थांबला. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवर फळी होती, तिच्यावर एका माणसाचा फोटो, फोटोला हार, आणि फोटोपुढं एक साधा, बटणांचा मोबाईल. चार्जरला लावलेला. बाई त्या मोबाईलकडे बघत होत्या.

मग माझ्याकडे वळल्या. "या की पावणं. बसा. च्या ठेवतो."

त्या हौसाक्का. फोटोतला माणूस मारुती अण्णा. आमच्या यादीत तो जिवंत होता. कुणी कळवलं नाही, कुणी विचारलं नाही. मी कुठून आलो ते सांगितलं, चहा घेतला, उठायची संधी शोधत होतो — आणि फळीवरचा फोन वाजला. गुरुवार होता. साडेदहा.

हौसाक्कांनी पदराला हात पुसले, फोन उचलला आणि स्पीकर लावून परत फोटोपुढं ठेवला. देवापुढं दिवा ठेवतात, तसा. आणि त्या खोलीत, माझं तोंड मिटलेलं असताना, मी बोलायला लागलो.

"नमस्कार. घरी सगळे बरे आहेत ना?"

"व्हय, बरं हाईत," हौसाक्का म्हणाल्या.

काळजी करण्यासारखं काही नाही, मी म्हणालो. सवड मिळाली की येऊन जावा. त्या सावकाश मान हलवत होत्या. फोटोतला माणूस सरळ माझ्याकडे बघत होता. माझा आवाज इतका गोड आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं. अंगावर काटा येईल इतका गोड.

समजलं असेल तर एक दाबा, असं म्हणून मी बंद झालो. हौसाक्कांनी एक दाबलं नाही. दाबलं नाही की यंत्र पुढच्या गुरुवारी परत फोन करतं. त्यांना ते माहीत होतं.

"एक दाबलं की बंद हुतंय म्हनं," त्या म्हणाल्या. "म्हणून दाबत न्हाय. आठवड्याला एक मानूस इचारतंय, बरं हाय का म्हणून. बंद कशाला करू?"

मग बाकीचं त्यांनी शेंगा फोडत फोडतच सांगितलं. पहिला फोन आला तेव्हा त्या मालकांना म्हणाल्या होत्या, जाऊन या. तर ते म्हणाले, तो माणूस काळजी नाही म्हणतोय, सवडीनं या म्हणतोय, तू कशाला घोर लावून घेतेस? आणि सवड कधी होती? सकाळी दूध, संध्याकाळी दूध. म्हशीला रविवार नसतो. तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या पाळीला, लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असताना, फॅटच्या मशीनपाशीच ते खाली बसले ते बसलेच. छातीत दुखलंही नव्हतं. बरं वाटत होतं त्यांना.

मग हौसाक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "ह्यो आवाज तुमचाच न्हवं?"

इथं मी काय बोललो, ते मला लिहायचं आहे. बाकी सगळं मी इथवर यायला लिहिलं.

मी म्हणालो, "नाही हो अक्का. तो मशीनचा असतो."

माझा तोच आवाज, त्याच खोलीत, काही मिनिटांपूर्वीचा. मी तो नाकारला. त्या जराशा हसल्या. "असंल. पर मशीनला कसं कळतंय हो, घरच्यांचं इचारायचं?"

मी फोटो काढला नाही. वाडीला उतरलो नाही.

ऑफिसात येऊन मी ध्वनिमुद्रण बदललं. कारण लिहिलं: आवाजाचा दर्जा सुधारण्यासाठी. चारही वाक्यं जशीच्या तशी घेतली, नुसती वर घरच्यांची चौकशी ठेवली, तेवढा मोह सुटला नाही. मग लक्षात आलं, की पुढच्या गुरुवारी कुरुंदवाडच्या फळीवर ही खरी वाक्यं वाजतील. आठ दिवसांच्या आत या. बरं वाटत असलं तरी या. हौसाक्का ती ऐकतील, आणि त्यांना कळेल काय सांगायचं राहिलं होतं. मी यादी उघडली, मारुती अण्णांच्या ओळीतला नंबर पुसला. यंत्र रिकामी जागा घेईना. नंबर हवाच म्हणे. अख्खी ओळ काढायची तर कारण लिहावं लागलं असतं. म्हणून मी तिथं माझा घातला. पुढच्या गुरुवारच्या आत अभ्यासाचा तो टप्पा संपला आणि फोन थांबले. मी विसरलो. म्हणजे, विसरलो असं मी म्हणत आलो.

आणखी एक. त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीनं चहाच्या वेळी एक गंमत सांगितली. कुरुंदवाडहून एका बाईंचा फोन आला होता. विचारत होत्या, "फोनवालं पावणं आजारी हाय का? तीन गुरुवार झालं, आवाज न्हाय." सगळे हसले. मीही हसलो. मुलीनं विचारलं, काय सांगू त्यांना? मी म्हणालो, सांग, बरे आहेत.

आता नवा टप्पा सुरू झालाय आणि यंत्रानं जुनी यादी उचललीय. गेल्या गुरुवारी ते मारुती अण्णांनाच बोलावत होतं. उत्तर मी दिलं.

डॉक्टर सांगतील, की वेळेवर आला असता तरी वाचलाच असता असं नाही. हे मी स्वतःला समजावून पाहिलंय. समजावणारा आवाज तोच होता, काळजी करण्यासारखं काही नाही म्हणणारा.

सुजातानं सगळं ऐकून घेतलं. कांदा तसाच पडला होता. मग तिनं विचारलं, पहिला मराठी मजकूर काय होता, सांगा. मी सांगितला. पाठ होता. तिनं वहीचं पान घेतलं आणि उभ्या उभ्याच एकेक ओळ इंग्रजीत उतरवली. नीट, न खोडता. खाली सही केली. मी केलेल्या सहीसारखी ती मुळीच दिसत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात तिची सही मी नीट बघितलीच नव्हती.

पान तिनं माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "तिकडं हे पाठवा. नाव माझं कळवलेलंच आहे, तारीख आजची घाला." मग कांद्याचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं. "आणि कुरुंदवाडला फोन करू नका. तिथं तुम्ही जायचं."