मांडून ठेवलेला पाट

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे. जन्म कोकणात गेला, त्यामुळे देवचार, मुंजा ही सगळी मंडळी ऐकून माहीत, पण भेटायला कधी कोणी आलं नाही. माझा धंदाही भित्र्या माणसाचा नव्हे. रत्नागिरीत मी लोकांची घरं सजवून देते. मुंबईकर इकडे बंगले बांधतात, होमस्टे काढतात, आणि मग त्यांना "अँटिक लुक" हवा असतो. त्यांच्यासाठी मी गावोगावची जुनी कपाटं, बाकं, पलंग हुडकते. ज्या पलंगांवर माणसं गेलीत तेसुद्धा मी हलवलेत आणि घरी येऊन ढाराढूर झोपलेय.

गिऱ्हाइकांना माझं सांगणं ठरलेलं — शिसवी पलंग दिसला की लाळ गाळू नका, आधी आपल्या जिन्याचं वळण मोजा. वाळवी बघा, सांधे हलवून बघा. एका खोलीत एकच जुनी वस्तू ठेवा, नाहीतर घराचं म्युझियम होतं. आणि ती वस्तू मूळ घरात कशी वापरायचे ते विचारून घ्या... हे शेवटचं मी दुसऱ्यांना सांगते. स्वतःच्या घराच्या वेळी मात्र सांगितलेलं ऐकूनही माती खाल्ली.

माळनाक्याजवळ आमचा फ्लॅट आहे. नवरा मुंबईला नोकरीला, मुलगी पुण्याला, त्यामुळे घरात मी आणि माझे वडील. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. गेल्या वर्षी आई गेली आणि भाऊंचं जेवणच सुटलं. रुसवा नाही, तक्रार नाही. टेबलाशी बसायचे, दोन शितं चिवडायचे, आणि "पुरे गो" म्हणून उठायचे. सगळ्या तपासण्या झाल्या, आजार काही निघेना. माणूस मात्र डोळ्यांदेखत वाळत चाललेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून मी पोटभर रडले.

त्याच सुमारास राजापूरजवळच्या एका घरी बाकं बघायला गेले होते. सरोजकाकू म्हणून बाई, मुलगा स्वयंपाकघराला टाइल्स घालणार म्हणून जुनं काढत होत्या. बाकं भिकार होती, पण माळ्यावर दोन पाट दिसले. फणसाच्या लाकडाचे, कोपऱ्यांत पितळी फुलं, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेले. मी ते घेतलेच. निघताना काकू पायरीपर्यंत आल्या.

"एक लक्षात ठेव गो. जेवण झालं की पाट भिंतीशी उभे करायचे. मांडून ठेवू नको."

"का हो काकू?"

"मांडला म्हणजे बोलावलं. आमच्यात रिकामा पाट मांडत नाहीत."

"आलं कोणी तर चहा देईन," मी म्हटलं. काकू हसल्या नाहीत.

घरी येऊन हॉलमध्ये एक पाट भिंतीला टेकवून उभा केला आणि दुसरा त्याच्यापुढे आडवा मांडला. बाजूला पितळेचा तांब्या ठेवला, तांब्यात जास्वंद. इतकं सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंचं पान टेबलावर वाढलं. भाऊ बसले, हॉलकडे बघितलं आणि म्हणाले, "त्यांना वाढलंस?"

"कोणाला?"

"त्या बसल्येत ना पाटावर. पाहुण्याच्या आधी आपण कसं जेवायचं?"

पाटावर कोणी नव्हतं. भुताबिताचा विचारही मनात आला नाही. आता डोकंही चाललं की काय माणसाचं, याचीच काळजी. वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या पाटापुढे एक ताट वाढलं. भाऊंनी उभा पाट ओढून समोर मांडला, गुडघे धरत धरत खाली बसले, ताटाभोवती पाणी फिरवलं... आणि जेवले! आमटी-भात, फणसाची भाजी, वर ताक-भात. शेवटी म्हणाले, "भाजी आणखी आहे का गो?" आई गेल्यापासून या माणसाने काही मागून घेतलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. म्हटलं, भास तर भास, देव करो नि असाच राहो.

मग रोज दोन पानं. समोरच्या ताटातलं अन्न तसंच असायचं, ते मी नंतर गाईला घालायचे. एकदा हळूच विचारलं, "भाऊ, आई आहे का?"

"छे! तुझी आई असती तर मला एवढं तूप घेऊ दिलं असतं?"

"मग कोण?"

"मला काय ठाऊक? जेवणाऱ्याला कोणी नाव विचारतं?"

भाऊंच्या गालांवर मांस दिसायला लागलं. डॉक्टरांनी नळीचं नाव काढणं सोडलं. मी खूश होते. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. जेवण झालं तरी भाऊ उठत नव्हते. पंगतीत सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. "त्यांचं व्हायचंय," म्हणायचे आणि खरकटा हात वाळवत बसून राहायचे. आधी थोडा वेळ, मग चहाच्या वेळेपर्यंत. एके दिवशी तर दिवेलागण होत आली तरी बसलेले! पाय सुजून टम्म, ओठ पांढरे, अंगाला कापरं.

"भाऊ, उठा म्हणते ना!"

"यजमानाने आधी उठायचं नसतं गो..."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेली ती पाहुणी, आणि समोरचा पाट ओढायला गेले. तो हलेना. राजापूरहून मी तो काखेत मारून आणलेला! दोन्ही हातांनी जोर लावला, पाय रोवले. फरशीला चिकटलेला म्हणावं तर तसंही नाही — किंचित डुगडुगायचा, आणि परत टेकायचा. वर माणूस बसलेलं असलं की पाट जसा लागतो, अगदी तसा लागत होता.

खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा. सरोजकाकूंना फोन लावला.

"मांडून ठेवलास ना?" त्या म्हणाल्या. "अगो, पाहुण्याला ऊठ म्हणतात का? हातावर पाणी घाल. पाणी घातलं की माणूस आपण होऊन उठतं."

मी तांब्यातली जास्वंद उपसून टाकली, स्वच्छ पाणी भरलं, परात घेतली. पाटासमोर बसले. लहानपणी पंगतीत ऐकलेलंच तोंडात आलं. "सावकाश झालं ना? हातावर पाणी घ्या." आणि रिकाम्या जागी धार धरली.

पाणी सरळ पडलं नाही. मधेच हवेत अडलं, फुटलं, आणि बोटांमधून ओघळावं तसं वेगवेगळ्या धारांनी परातीत पडलं. हे मी उजेडात, चष्मा लावून, वीतभर अंतरावरून पाहिलंय.

"चला, झालं त्यांचं," भाऊ म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. पाट एका हाताने उचलला गेला. दोन्ही पाट पुसून मी कपाटामागे उभे करून टाकले आणि देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी भाऊ टेबलाशी बसले. दोन शितं चिवडली. "पुरे गो." त्याच्या दुसऱ्या दिवशी तेही नाही. पेज नाही, ताक नाही. मी हातापाया पडले, ओरडले, लहान मुलाला भरवतात तसं भरवायला गेले. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा गालांचे खड्डे, पुन्हा डॉक्टरांचा तोच चेहरा.

मग एका दुपारी मी कपाटामागून पाट काढले. काय करतेय ते मला चांगलं कळत होतं. दोन्ही मांडले, दोन पानं वाढली आणि मोठ्याने म्हटलं, "या हो. पण पाणी घातलं की मुकाट्याने उठायचं."

भाऊ आले. खाली बसता बसता थबकले. समोरच्या पाटाकडे बराच वेळ बघत राहिले, मग धोतर सावरून जरा मागे सरकले.

"काय झालं भाऊ? आल्या ना त्या?"

"त्या नाहीत," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "हा दुसराच कोणीतरी आलाय. वर मान करून बघत नाही."

माझ्या हातात आमटीचा डाव तसाच राहिला. पाट उचलावा, भाऊंना ओढून आत न्यावं, सगळं मनात आलं. तेवढ्यात भाऊंनी भात कालवला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा.

मी समोरच्या पानात आमटी वाढली.

तेव्हापासून रोज वाढतेय. भाऊ जेवतात, वजन सावरलंय. रोज हातावर पाणी घालते, आणि आजवर प्रत्येक वेळी पाट उचलला गेलाय. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कोणी द्यायला आलं तर मला ते ऐकायचंही नाही. समोर कोण बसतं, ते भाऊंना विचारणं मी सोडून दिलंय.