हाताला उशिरा कळायचं

वडशाजवळच्या आमच्या गावात तेव्हा धान घरीच कांडत. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. एकाच उखळाशी मी आणि माझी थोरली जाऊ समोरासमोर उभ्या राहायचो. तिचं मुसळ वर गेलं की माझं खाली. नवी नवरी असताना तिनंच मला हा ठेका शिकवला होता. मी तिला बाई म्हणायची.

एका हिवाळ्यात तिचं मुसळ मागे पडू लागलं. दोन्ही मुसळं एकमेकांवर आदळायची.

"काऊन वो बाई, थकली काय?"

"नाई वो. मी तं उचलून राह्यली, पण हातच उशिरा उठते."

सासूने अंगारा लावला, पुजारी बोलावला. पुढे पाय अडखळू लागले, तेव्हा माझे भासरे, म्हणजे बाईचा नवरा, आम्हा दोघींना छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला घेऊन गेले.

डॉक्टरांनी बाईला आपल्याबरोबर टाळ्या वाजवायला सांगितलं. तिची टाळी दर वेळी मागून यायची.

"मेंदूत असंख्य बारीक पेशी असतात," डॉक्टर म्हणाले. "त्या एकमेकींना निरोप धाडतात. निरोप वेळेवर पोचले तर सगळ्या मिळून एका ठेक्यात काम करतात. यांच्या निरोपांच्या वाटा खराब होताहेत. काही वेळेत पोचतात, काही रेंगाळतात. मग मेळ बसत नाही."

"म्हंजे माह्या मनातलं हाताले उशिरा कळते?" बाईनं विचारलं.

"हो."

"आन् दवाई?"

"यावर दवाई अजून निघालेली नाही," डॉक्टर म्हणाले.

मग बोलणंही मागे पडलं. बाई उत्तर द्यायची, पण तोवर विचारणारा उठून गेलेला असे. तिला काही समजत नाही, असं घरात सगळे धरून चालले. तिच्यासमोरच तिच्या मरणाचं बोलायचे. मी भाजी निवडत जवळ बसायची. एकदा विचारलं, "बाई, भूक लागली काय?" निम्मी भाजी निवडून झाल्यावर ती म्हणाली, "तू जेवली?"

उन्हाळ्यात तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं. निघताना पोरगी बाजेवरच्या आईच्या पाया पडली, थोडं थांबली आणि रडत बैलबंडीत जाऊन बसली. बंडी हलली, आणि बाईचा हात उठला. हवेत चाचपू लागला.

"थांबवा बंडी!" मी ओरडत धावली.

"उशीर होऊन राह्यला," भासरे म्हणाले. मी ऐकलं नाही. पोरीला उतरवून आणलं, त्या हाताखाली बसवलं. सगळं वऱ्हाड उन्हात ताटकळलं. फार वेळानं बाईच्या तोंडून शब्द आले, "सुखानं राह्य, माय."

धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या आधीच बाई गेली. शेवटी शेवटी तर ती बोललीच नाही. मी तरी काहीबाही विचारायची, आणि बसून राहायची.