सोवळ्यातला पेजर

ज्या विषयात मी एकदा नापास झालो आहे, त्याच विषयावर लिहायला बसलो आहे, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे असं काही लिहायचं तर कोणाची परवानगी घ्यावी लागते, हेही मला ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

"चौथी कम्प्लेंट है," भाटिया साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मयूर विहार. कोई पंडितजी हैं, तुम्हारे महाराष्ट्र के. सुबह के मेसेज नहीं मिलते. जाओ, अपनी भाषा में समझो."

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि नोएडातल्या एका पेजर कंपनीत ट्रेनिंग करत होतो. भाटिया साहेब तिथले टेक्निकल मॅनेजर. डिजिटल कम्युनिकेशन या विषयात माझी बॅक होती, म्हणजे राहिलेला पेपर पुन्हा द्यायचा होता. तो पेपर आणि ट्रेनिंगची व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, दोन्ही निघाले तरच डिग्री मिळणार होती. आणि व्हायव्हाला बसायचं तर भाटिया साहेबांची सही हवी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एक कम्प्लेंट, शुरू से आखिर तक, अकेले. तब साइन करूँगा."

पेजरचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्या ऑफिसात फोन करून निरोप सांगता. ऑपरेटर तो टाइप करते. त्या अक्षरांचे शून्य आणि एक होतात आणि टॉवरवरून हवेत जातात. ते शहरातले सगळे पेजर ऐकतात, पण ज्याच्या नंबरचा निरोप असेल तोच वाजतो. पेजर फक्त ऐकतो, उलट बोलत नाही. त्यामुळे निरोप पोचला की नाही, हे टॉवरला कधीच कळत नाही. मधल्या हवेला आमच्या पुस्तकात चॅनेल म्हणतात. सगळ्या खोड्या चॅनेलमध्ये होतात, असं मी पाठ केलं होतं.

आठल्ये गुरुजी तीस वर्षं दिल्लीत होते. मयूर विहारच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. नोएडा, वैशाली, इंदिरापुरम, जिकडे तिकडे नवे फ्लॅट होत होते, आणि पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला वास्तुशांत करायची होती. गुरुजींचा दिवस घराबाहेर जायचा, म्हणून त्यांनी पेजर घेतला होता.

मी दुपारी गेलो. गुरुजींनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मला फार संकोच वाटला.

"बसा इंजिनिअर साहेब. अहो, पानसे आणा जरा," ते आत बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "यंत्र उत्तम आहे हो. दुपारी वाजतं, संध्याकाळी वाजतं. सकाळी मात्र मुकं."

"पानसे काय? चहा म्हणा," आतून त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "पानशांनीच तर परवा सकाळी निरोप ठेवला होता, तो मिळाला नाही. वास्तुशांत गेली दुसऱ्याकडे. यांच्या डोक्यातून पानसे जात नाहीत."

टेबलावर पेजर ठेवलेला होता, चामड्याच्या काळ्या पिशवीत. मी ऑफिसला फोन करून पाच निरोप पाठवायला सांगितले. पाचही आले. गुरुजींनी प्रत्येक वेळी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, जणू ते मीच वाजवत होतो.

मी गच्चीवर गेलो. मीटर लावून सिग्नल मोजला. उत्तम होता. पण पूर्वेकडे तीन नव्या इमारती उभ्या राहत होत्या, क्रेनसकट. मला पुस्तकातला सातवा धडा आठवला. लाटा भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि एकमेकींना मारतात. क्रेन सकाळी चालू होत असणार. मला इतका आनंद झाला की मी चहा न घेताच निघालो.

आठवडाभर बसून मी चौदा पानांचा रिपोर्ट लिहिला. त्यात तीन आलेख होते. एकात क्रेन होती.

भाटिया साहेबांनी तो उभ्याउभ्याच वाचला.

"बढ़िया. तो अब क्या करें? बिल्डिंगें गिरा दें?"

"नहीं सर. टॉवर की पॉवर बढ़ा सकते हैं."

"एक पंडितजी के लिए?" त्यांनी रिपोर्ट परत दिला. "सुबह गए थे?"

"नहीं सर."

"कम्प्लेंट सुबह की है. तुम दोपहर को जाकर चौदह पन्ने लिख लाए. शुक्रवार तक बताओ, वरना साइन नहीं होगा. मेरे पास और भी ट्रेनी हैं."

खरं सांगायचं तर मी मुद्दामच दुपारी गेलो होतो. सकाळी कोणाच्या घरी जाऊन पूजेत व्यत्यय आणणं मला बरं वाटेना. आणि पेजर सकाळी कुठे असतो, हा प्रश्न मला इतका बावळट वाटला होता की मी तो विचारलाच नाही. इंजिनिअरने असलं विचारायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

गुरुवारी मी आमच्या गाझियाबादच्या घरून पहिली बस धरली. सात वाजता काकूंनी दार उघडलं. त्या सोवळ्यात होत्या.

"अरे बापरे, लांब उभा राहा हं. स्वयंपाक चाललाय नैवेद्याचा. बसमधून आलास ना?"

मी दाराशीच भिंतीला चिकटलो. आत देवघरापुढे गुरुजी रेशमी सोवळं नेसून पूजा करत होते. मला बघून त्यांनी मंत्र न थांबवता मान हलवली. मी दारातल्या फोनवरून, काकूंच्या परवानगीने, ऑफिसला निरोप पाठवायला सांगितला. आम्ही वाट पाहिली. काही वाजलं नाही. दुसरा पाठवला. शांतता.

शेवटी मी तो बावळट प्रश्न विचारला.

"काकू, पेजर कुठे आहे?"

"डब्यात."

"कसल्या डब्यात?"

"पितळी डबा नाही का, तो, देवघराच्या शेजारचा. पिशवी चामड्याची त्याची. सोवळ्यात कसं चालेल चामडं? आणि काढून बाहेर ठेवावं तर हे म्हणतात महाग वस्तू आहे, हरवेल. म्हणून सहाला, आंघोळीआधी, झाकून ठेवतात, पूजा झाली की साडेनऊला काढतात. झाकण चांगलं घट्ट आहे हो, मी स्वतः बसवते."

रेडिओच्या लाटा बंद पितळी डब्यात शिरत नाहीत. हे सातव्या धड्यात नाही. हे पहिल्या धड्यात आहे.

"काकू, झाकण काढता येईल?"

इथे अडचण आली. गुरुजी सोवळ्यात, ते चामड्याजवळ जाणार नाहीत. काकू सोवळ्यात. मी एकटा ओवळा, पण मला देवघराजवळ जायची सोय नाही. तिघेही डब्याकडे बघत राहिलो. गुरुजींचा मंत्र आता बराच मोठ्याने चालला होता आणि त्यात मध्येच त्यांनी भुवयांनी स्वयंपाकघराकडे खूण केली.

"हं हं हं!"

"काय हो? चिमटा?" काकूंनी विचारलं.

गुरुजींनी मान डोलावली.

काकूंनी पोळ्यांचा चिमटा आणला, हात लांब केला आणि झाकण उचललं. मी फोनवर ओरडलो, "एक और भेजिए, मैडम!" अर्ध्या मिनिटात डब्यातून पेजर असा कर्कश वाजला की गुरुजींच्या हातून पळी निसटली. गुरुजींनी हसू दाबलं आणि आरती सुरू केली.

पूजा आटोपल्यावर मी दोघांना समजावून सांगितलं. गुरुजी लक्षपूर्वक ऐकत होते.

"म्हणजे पानसे माझ्या डब्यावर येऊन परत गेले."

"हो गुरुजी. आणि गेलेला निरोप पुन्हा येत नाही."

"मग प्लास्टिकचा डबा?"

"देवघरात प्लास्टिक?" काकू म्हणाल्या. "थांबा. रेशीम चालतं, लोकर चालते. जुनी धाबळी आहे, तिची पिशवी शिवते. रेडिओला धाबळी चालते का रे?"

मला पुस्तकात धाबळी कुठे वाचल्याचं आठवेना. पण लोकरीतून लाटा जातात, एवढं नक्की होतं. शुक्रवारी सकाळी लोकरीच्या पिशवीतला पेजर देवघराशेजारी पाचपैकी पाच वेळा वाजला. त्याचा आवाज कमी कसा करायचा, ते मी गुरुजींना शिकवलं. कम्प्लेंट मिटली.

भाटिया साहेब बराच वेळ हसले. मग त्यांनी सही केली आणि चौदा पानं बाजूला काढून म्हणाले, "इसमें क्रेन वाला ग्राफ अच्छा है. घर में लगा लेना."

कॉलेजला मात्र पन्नास पानांचा रिपोर्ट हवा होता आणि माझं खरं उत्तर दीड पानात संपत होतं. मी मोठ्या अक्षरांत टाइप केलं आणि धाबळीची आकृती तीन बाजूंनी काढली. तरी एकोणीसच झाली.

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक फार गंभीर होते.

"फॉल्ट कहाँ था? ट्रान्समीटर में, चॅनेल में, या रिसीव्हर में?"

"देवघर में, सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी चष्मा काढला. सोवळं म्हणजे काय, हे मला हिंदीत सांगावं लागलं. ते सांगता सांगता वेळ संपली. एकही सूत्र त्यांनी विचारलं नाही. हे चांगलं की वाईट, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्याच महिन्यात मी राहिलेला पेपरही दिला. तोही धड सांगता येईल असा गेला नाही.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो की बावळट प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा. चौदा पानं लिहायची वाचतात.

निकाल लागला त्या दिवशी कंपनीने मला पानिपतला नव्या अँटेनाच्या कामावर पाठवलं होतं. संध्याकाळी घरी आलो तर आप्पा, म्हणजे माझे वडील, फॅक्टरीच्या कपड्यांतच दारात बसले होते. ते गाझियाबादच्या कारखान्यात फिटर आहेत. आकडे येतात, इंग्रजी अक्षरं येत नाहीत. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते एकटेच निकाल बघायला माझ्या कॉलेजात जाऊन आले होते.

"कोणाला विचारलं नाही?" मी म्हणालो.

"काही पोरं नाचत होती, काही रडत होती. कोणाला विचारायचं? तुझा नंबर सापडला, त्यापुढचं सगळं उतरवून आणलं."

त्यांनी खिशातून कागद काढला. फळ्यावरची माझी ओळ त्यांनी चित्रासारखी जपून काढली होती. एकाखाली एक, तीन वेळा.

"तीनदा कशाला, आप्पा?"

"गर्दीत धक्के बसत होते रे. एखाद्यात चुकलं असेल तर बाकीच्या दोन सारख्या दिसतील. त्या खऱ्या धर."

हे आमच्या पुस्तकात नवव्या धड्यात आहे, आणि बहुतेक त्यातच मी पहिल्यांदा नापास झालो होतो. मी तिन्ही ओळी वाचल्या. मधल्या ओळीत एक आकडा उलटा पडला होता. बाकीच्या दोन्ही ओळींत, डिजिटल कम्युनिकेशन आणि व्हायव्हा, दोन्हींच्या पुढे, पास लिहिलेलं होतं.