आरती घेताना

कापराचा वास आला की हर्सूल तलावाकाठची ती संध्याकाळ आठवते. देवळात आरती समोर आली आणि ज्योतीवर दोन्ही हात धरायला मी लेकीचा हात सोडला. लेक सहा वर्षांची, ऑटिस्टिक; हाकेला ओ देत नाही. वळून बघते तर ती नाही. काठावर धावले, तर ती गुडघाभर पाण्यात, चमचमत्या लाटांकडं चाललेली. मी ओरडणार, तोच बुरख्यातली एक बाई पाण्यात उतरून तिच्यापुढं उभी राहिली. "ओरडू नका, बिचकंल ती. माझं पोरगंबी असंच हाय," ती मला म्हणाली. तिचे ओठ दुआ पुटपुटत होते, माझे देवीचं नाव. लेक थांबली. आता ती सोळाची आहे. आरती मी अजूनही एकाच हातानं घेते.