खाडीपलीकडचं मत

खाडीवर तेव्हा पूल नव्हता. होडी चालवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मतदानाच्या दिवशी आमच्या पक्षानं त्याची होडी ठरवली होती आणि तिच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, मीच बावटा बांधला होता. मतदान संपायला थोडाच वेळ उरला असताना पलीकडच्या काठावरून विरोधी पक्षाचा बिल्ला लावलेली एक म्हातारी हाका मारू लागली.

"ती आपली नव्हे. रवांदे तिका पलीकडेच," मी म्हणालो.

त्यानं पेटवायला काढलेली विडी पुन्हा कानामागे खोचली आणि होडी पाण्यात ढकलली. "बावटो तुझो, झिला. खाडी सगळ्यांची."

तिला घेऊन परतल्यावर तो मला म्हणाला, "चिखल आसा. हात दी तिका."

मी दिला. माझ्या पत्रकांत ओळीओळीला 'जनता' होती. तिचा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा धरला.