नखांची साक्ष पारखणाऱ्या शरयूताई

डॉ. शरयूताई नेवासकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका हवालदाराला परत पाठवत होत्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. उज्जैनच्या माधव नगरातल्या छोट्याशा विषपरीक्षण प्रयोगशाळेत तो माझ्या नोकरीचा पहिला दिवस. हवालदाराच्या पाकिटात एका संशयिताचे केस होते, पण मुळाची बाजू कुठली याची खूण नव्हती. "भैया, जड़ की तरफ धागा बाँध के लाओ. नहीं तो कैसे बताऊँ, नशा पिछले महीने का है या छह महीने पुराना?" मग दारात घुटमळणाऱ्या माझ्याकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "तू नवी का? आत ये. चहा घेतेस ना?"

रक्तातला अमली पदार्थ थोड्या दिवसांत निघून जातो. केसांत आणि नखांत मात्र त्याचा माग महिनोन् महिने राहतो. हे शास्त्र आपल्याकडे फारसं कुणी हाताळत नव्हतं, तेव्हा ताईंनी ते परदेशी नियतकालिकं मागवून शिकून घेतलं. पुढे आयातीचे नियम सैल झाले आणि वर्षानुवर्षं कागदावर अडकलेलं विदेशी यंत्र एकदाचं आमच्या खोलीत आलं. आम्ही सगळे हरखून गेलो. ताईंनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि आम्हाला बजावलं, "नखात काय आहे ते हे सांगेल. ते तिथे कसं आलं, ते आपल्याला शोधायचंय."

या वाक्याचा अर्थ मला फार महागात कळला.

देवास गेट बसस्थानकाहून सुटलेली एक बस उलटली आणि दोन प्रवासी दगावले. चालक अफू खातो, असा पोलिसांना संशय होता. चौकशीत तो विषय निघेपर्यंत रक्त तपासण्याची वेळ टळून गेली होती. त्यातच अपघातानंतर चार दिवसांनी चालकाचे वडील वारले आणि त्याने राम घाटावर मुंडन केलं. केस गेले. पुरावा मिटवायलाच हा डोकं भादरून आला, असं ठाण्यात बोललं जाऊ लागलं. ताईंनी हाताची आणि पायाची नखं वेगवेगळ्या पाकिटांत मागवली.

नखांची तपासणी माझ्याकडे होती. मी हाताची नखं घाईने एकदाच धुतली आणि यंत्रात घातली. अफूतलं मॉर्फिन सापडलं. ताई त्या दिवशी भोपाळला गेल्या होत्या. निरीक्षकांचा फोन आला आणि मी उत्साहाने सांगून टाकलं, "पॉझिटिव्ह है." त्याच संध्याकाळी चालकाला अटक झाली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी एवढंच विचारलं, "नखं धुतलेलं पाणी कुठंय?"

"फेकलं, ताई."

"आणि पायाची नखं?"

ती मी अजून उघडलीही नव्हती.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली आणि मला घेऊन थेट ठाण्यात गेल्या. कोठडीत बसलेला चालक रडवेला होऊन सांगत होता, "मैडम, अफीम तो बापू की थी. आखिरी दिनों में उनके हाथ काँपते थे, मैं ही उँगली से घोल के पिलाता था." ताई निरीक्षकांना म्हणाल्या, "कल जो फोन पर बताया, वह गलती मेरी लैब की है. जाँच अधूरी है. मैं लिख के देती हूँ." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद ठेवायचा हा त्यांचा नियम होता, म्हणून आम्ही वाचलो. या वेळी नखं पुन्हा पुन्हा धुतली आणि दर वेळचं पाणी तपासलं. पहिल्या पाण्यात मॉर्फिन भरपूर होतं, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात जेमतेम. पायाच्या नखांत काहीच नव्हतं. अफू त्याच्या बोटांना फक्त बाहेरून लागली होती; नेहमी खात असता तर ती पायाच्या नखांतही उतरली असती. तो ती नेहमी खात असल्याचा पुरावा मिळाला नाही.

न्यायालयात सरकारी वकिलांनी विचारलं, "तो आप दावे से कहती हैं कि उस दिन वह नशे में नहीं था?"

"नहीं. नाखून एक दिन का हिसाब नहीं देते. महीनों की आदत बताते हैं, और आदत इसमें नहीं मिली."

चालकाच्या बाजूने एक शब्द जास्त बोलणं सोपं होतं. त्या बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा शब्द टिकला. अपघाताचं कारण पुढे ब्रेकमध्ये निघालं. चालक सुटला.

मी राजीनामा लिहून नेला होता. ताईंनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला. "एवढं शिकलीस आणि आता जातेस? उद्या दहाला ये. धुण्याची पद्धत तूच लिहून काढायची आहेस." ती टिपणं आजही नवी मंडळी वापरतात.

ताईंच्या स्वभावाची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांचे एक परिचित गृहस्थ मुलाच्या कंगव्यातले केस पाकिटात घालून आले होते. "गुपचूप सांगा, तो काही घेतो का?" ताईंनी पाकीट उघडलंच नाही. "त्याच्या परवानगीशिवाय नाही. पण मी रविवारी जेवायला येते." त्या गेल्या, पुढेही जात राहिल्या. चौथ्या की पाचव्या रविवारी मुलाने आपण होऊन सगळं सांगितलं. इंदूरला उपचारांसाठी त्याला घेऊन ताईच गेल्या. आज तो शिक्षक आहे आणि हा प्रसंग लिहायला त्यानेच मला सांगितलं.

ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. निवृत्त होऊन काळ लोटला, तरी अडलेला अहवाल आम्ही अजूनही त्यांच्याकडे पाठवतो. गेल्याच महिन्यात माझा एक परत आला. 'बहुधा' या शब्दाभोवती तांबडं वर्तुळ, आणि शेजारी त्यांच्या ठसठशीत अक्षरात, 'बहुधा म्हणजे किती?' मी पुन्हा तपासणीला बसले. ताईंना निरोगी शतायुष्य लाभो, आणि ती तांबडी वर्तुळं आमच्या कागदांवर अशीच उमटत राहोत.