मधलं चित्र

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात बाबांनी मोठा टीव्ही आणला. या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या नसत्या, तर पुढचा घोळ झालाच नसता.

शहापूरच्या दुकानात तो जसा लखलखत होता, तसाच आमच्या सापगावच्या पुढच्या खोलीत लखलखू लागला. माणसांचे चेहरे शेंदरी, झाडं पोपटी. कडांवरचं प्लास्टिक बाबांनी काढू दिलं नव्हतं. मी मुरबाडला नोकरी करते. संध्याकाळी जीपमधून उतरून घरी येईपर्यंत डोकं इतकं शिणलेलं असतं, की टीव्हीकडे माझी पाठच असायची.

मग डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आणि आई म्हणाली, "दुसरा नाय करायचा."

"का?"

"हाय तो बरा हाय."

यापुढे ती बोलेना. शेजारच्या काकी मात्र बोलल्या. "माझ्या भावजयीचा असाच बिघडला. देवानं दिल्या डोळ्याला सुरी लावूच नये गो." बाबा वैतागले. माझ्याकडे सगळे बघत होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे गोळ्यांच्या पाकिटापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं वाचायला मीच लागते. पण चारचौघांत कुणाला समजावून सांगायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून उठते. मी भांडी घासायला निघून गेले.

रविवारी दुपारी जुना सिनेमा लागला होता. आई एकटीच बघत होती. दारातून मला दिसलं, की ती तळहाताने आधी उजवा डोळा झाकते, मग डावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. बाजारात दोन वांगी हातात घेऊन पारखावीत तशी. मी जवळ जाऊन बसले.

"काय बघतेस?"

"डाव्यानं नीट दिसतं. धुरकट, पन नीट. उजव्यानं मानसं सरकतात."

"सरकतात म्हणजे?"

"भाताच्या लावणीत चिखलावरनं पाय घसरतो ना, पन मानूस पडत नाय, तसा. त्याचे पायच टेकत नाय बघ."

पडद्यावर नायक जिना उतरत होता. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. खरंच, तो उतरत नव्हता, ओघळत होता. सिनेमा सिनेमासारखा वाटतच नव्हता. कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग लावल्यासारखं वाटत होतं. म्हणजे आईला बरोबर दिसत होतं. डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूचा पिवळट पडदा होता, म्हणून त्याला ही घसरण कळत नव्हती. नव्या डोळ्याने ती पकडली आणि बिचारा तोच बदनाम झाला.

"आई, डोळा चांगला आहे. टीव्ही चुकतोय."

"नवा टीव्ही कसा चुकेल?"

टीव्ही कोरा होता आणि डोळा साठ वर्षांचा. मी रिमोट घेतला. सेटिंग, मग पिक्चर, मग आणखी आत मोशन. तिथे स्मूथ असं लिहिलं होतं.

"सिनेमा म्हणजे एकामागून एक चित्रं," मी म्हटलं. "हा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाचं एक चित्र घालतो. म्हणजे हलणं गुळगुळीत दिसावं म्हणून."

"न घडलेलं?"

"अंदाजाने बनवलेलं."

आईने जरा विचार केला. "काकीसारखं. ती मला घरातनं निघताना बघते, परत येताना बघते, मधलं सगळं तिच्या मनाचं."

कित्येक दिवसांनी आम्ही दोघी हसलो. मी ते बंद केलं. रंगही दुकानातल्यासारखे भडक होते, ते साधे केले. आईने डावा डोळा झाकला. नायक परत कुठून तरी चालत आला.

"टेकतात पाय," ती म्हणाली. मग लगेच, "पन निळं अजून जास्तच हाय."

आता टीव्हीत कमी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई आपल्या मांडीकडे बघत होती. तिने एक डोळा झाकला, मग दुसरा.

"ही साडी निळी हाय?"

"हो."

"मी हिरवी म्हनून घेतली व्हती. डाव्यानं अजून हिरवीच दिसते." ती पदर हातात धरून बसली. "दोन वर्षं नेसते. कोनी सांगितलं नाय मला?"

तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला काय दिसतं, हेही आम्ही कुणी विचारलं नव्हतं. तिचं मधलं आम्हीच मनाने भरत होतो.

तेवढ्यात बाबा शेतावरून आले. "उजेड कोनी कमी केला रे? येवढा टीव्ही आनला, आन जुन्या डब्यासारखा दिसतो!" त्यांनी रिमोट घेऊन सगळं पूर्वीसारखं भडक केलं. संध्याकाळी कबड्डी होती आणि त्यांना ती तशीच आवडते. मला वाद घालायचं त्राण नव्हतं. आई उठेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.

स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "त्या डाव्याची तारीख कधीची हाय गो?"

मी फोन काढला आणि रजेसाठी ऑफिसला मेसेज लिहायला घेतला.